दोनशे तासांचा हिशेब

मैत्री जमायला किती वेळ लागतो, याचं उत्तर आता आकड्यांत मिळतं. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठातले प्राध्यापक जेफ्री हॉल यांनी ते २०१८ साली मांडलं. तोंडओळखीच्या पुढे सरकायला साधारण ५० तास, मित्र म्हणवून घ्यायला ९० आणि जिवलग व्हायला २००च्या वर. मैत्रीच्या मानसशास्त्रावरचा कुठलाही माहितीपर लेख काढा, हे आकडे त्यात भेटतात. सोबत एका माणसाला किती नाती सांभाळता येतात याची डनबार यांची १५० माणसांची मर्यादा असते, माणसांच्या आयुष्यांचा हार्वर्डचा १९३८पासून चालत आलेला अभ्यास असतो, एकटेपणाची रोजच्या पंधरा सिगारेटींशी केलेली तुलना असते. शेवटी वाचकासाठी पाच-सात सूचना: आपणहून फोन करा, समोरच्याचं ऐकून घ्या, मन मोकळं करा.

अशा लेखाची किंमत करायची कशी? दिलेली माहिती खरी की खोटी एवढंच पाहिलं तर बरेच लेख निभावून जातात. क्वचित घसरतातही. ज्युलियन होल्ट-लन्स्टॅड आणि सहकाऱ्यांनी २०१० साली १४८ अभ्यास एकत्र करून तीन लाखांवर माणसांची माहिती तपासली. घट्ट नाती असलेल्यांची जगून राहण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी जास्त, असं त्यांना आढळलं. त्यात नवरा-बायको, घरदार, नातेवाईक, समाजातला वावर असं सगळंच होतं. लेखात येईपर्यंत त्याचं ‘मित्र असले की आयुष्य वाढतं’ असं होऊन बसतं. पण ही चूक दुरुस्त करता येण्याजोगी आहे. माझी मुख्य तक्रार दुसरीच आहे. संशोधक म्हणतो, अमक्या लोकांत असं दिसलं. लेखक म्हणतो, तेव्हा तुम्ही असं करा. या उडीत ते लोक कोणत्या परिस्थितीत राहत होते हेच गळून जातं, आणि ज्याला मित्र नाहीत त्याचा तो वैयक्तिक आळस ठरतो. वर्धा जिल्ह्यात बसून हे लेख वाचले की ही गळती फार ठळक दिसते.

हॉल यांचे दोनशे तासच घ्या. त्यांनी ज्यांना प्रश्न विचारले त्यांत नुकतेच नव्या गावी राहायला गेलेले ३५५ प्रौढ होते, शिवाय विद्यापीठात नव्याने आलेले ११२ विद्यार्थी. तास घड्याळ लावून मोजलेले नव्हते, माणसांनी आठवून अंदाजाने सांगितले होते. आकड्यांपेक्षा मला महत्त्वाचा वाटतो तो त्यांचा दुसरा निष्कर्ष. कामाच्या ठिकाणी किंवा वर्गात एकत्र गेलेला वेळ जवळीक वाढवायला फारसा कामी येत नाही. फावल्या वेळात एकत्र बसणं, थट्टामस्करी, जिव्हाळ्याचं बोलणं, यांनी मैत्री मुरते. यावरून सूचना निघते: मित्रांसाठी मोकळा वेळ काढा.

आता दिवाळीच्या आगेमागे हिंगणघाट किंवा देवळी तालुक्यातल्या एखाद्या वावरात जाऊन पाहावं. कापसाची वेचणी चाललेली असते, बायांची टोळी आलेली असते, प्रत्येकीने आपापली पात धरलेली असते. कमरेला ओटी, दोन्ही हात बोंडांवर, तोंड मोकळं. नवऱ्याचं पिणं, पोरीला आलेलं स्थळ, बचतगटाचा थकलेला हप्ता, सासूला न सांगितलेलं अंगावरचं दुखणं, हे सगळं शेजारच्या पातीवरच्या बाईला आधी कळतं, घरात मागाहून, किंवा कळतच नाही. एखादीची पात मागे पडली तर शेजारीण हात लांब करून तिच्या पातीतली दोन-चार झाडं वेचून देते. मजुरी किलोवर असते, संध्याकाळी काट्यावर प्रत्येकीचं गाठोडं वेगळं चढतं. तेव्हा तो वेचलेला कापूस ती स्वतःच्या ओटीत टाकते की मागे पडलेलीच्या, यावरून दोघींचं काय आहे ते कळतं. प्रश्नावलीने ते कळेल का, याबद्दल मला शंका आहे.

रोजचे आठ तास धरले तर पंचवीस दिवसांत दोनशे भरतात. पण हॉल यांच्या हिशेबात हे कामाचे तास, म्हणजे हलक्या वजनाचे. या बाईला फावला वेळ नावाचा वेगळा वेळ आहे कुठे? वावरातून घरी आली की चूल, भांडी, पाणी. काम आणि विरंगुळा अशी दिवसाची वाटणी ज्यांच्या वाट्याला आली त्यांच्यापुरता तो निष्कर्ष बरोबर असेल. इथे मैत्री कामातच होते, नाहीतर होत नाही. आणि गंमत अशी की ‘नुकतेच नव्या गावी गेलेले प्रौढ’ शोधायला हॉल यांना खटपट करावी लागली असेल. आपल्याकडे लग्न होऊन सासरी गेलेली जवळपास प्रत्येक बाई त्या गटात बसते. माहेरी जिच्यासोबत भुलाबाईची गाणी म्हटली ती मैत्रीण दुसऱ्या तालुक्यात पडते, आणि हिशेब पुन्हा पहिल्या तासापासून सुरू होतो. तिला ‘जुन्या मैत्रिणींशी संपर्क ठेवा’ असं सांगणं सोपं आहे. जायचं तर एसटीच्या भाड्यासाठी आणि घरातून निघण्याच्या परवानगीसाठी कोणापुढे हात पसरायचा, हे मात्र लेखात नसतं.

दुसरा हमखास येणारा दाखला शेजाराचा. फेस्टिंगर, शाक्टर आणि बॅक यांनी एमआयटीच्या वेस्टगेट या विद्यार्थी-वसाहतीचा अभ्यास केला. त्यावरचं पुस्तक १९५० साली आलं. एका मजल्यावर पाच घरं. अगदी लगतच्या दारातल्यांशी मैत्री जुळण्याचं प्रमाण ४१ टक्के, एक दार सोडून २२, मजल्याच्या दोन टोकांच्या घरांत १०. अंतर काही पावलांचंच, पण फरक केवढा! लेख इथून थेट ‘शेजाऱ्याशी बोलायला लागा’वर येतो. वेस्टगेटमध्ये राहत होते ते सगळे लग्न झालेले विद्यार्थी होते, बहुतेक युद्धावरून परतलेले, एकाच वयाचे, एकाच वर्गातले. दारामागचा माणूस आत यायला चालत होता, म्हणून दारांमधलं अंतर मोजण्यात अर्थ होता. वर्ध्याचं लक्ष्मीनारायण मंदिर जमनालाल बजाजांनी १९२८ साली अस्पृश्य मानलेल्यांना खुलं केलं, तोवर त्याच शहरातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या तितक्याच थोड्या अंतरावर राहत आली होती. तेव्हा पावलं मोजून काय हाती लागलं असतं? आजही खेड्यात वस्त्यांची रचना कशी आहे ते पाहिलं तर कोण कोणाच्या ओट्यावर टेकेल याचा बराचसा अंदाज मैत्रीचं मानसशास्त्र न वाचताही करता येतो.

शिवाय सान्निध्याची दुसरी बाजू लेखांत जवळजवळ कधीच येत नाही. कॅलिफोर्नियातल्या एका वसाहतीवरचा १९७६चा अभ्यास सांगतो की जवळ राहणाऱ्यांतून मित्र मिळतात तसे शत्रूही मिळतात. शत्रू तर मित्रांहून जास्त जवळचे निघतात. सेवाग्रामच्या आश्रमाशी ज्यांचा संबंध आला त्यांना यात नवल वाटणार नाही. गांधी ३० एप्रिल १९३६ला सेगावला, म्हणजे नंतरच्या सेवाग्रामला, आले. हळूहळू आदिनिवास, बा-कुटी, बापू-कुटी अशा कुट्या हाकेच्या अंतरावर उभ्या राहिल्या. स्वयंपाकघर एक, सफाई सगळ्यांनी करायची. तिथल्या रुसव्या-फुगव्यांनी आणि तक्रारींनी गांधींच्या पत्रव्यवहाराची पानंच्या पानं भरली आहेत.

गांधींना मुळात जिवलग मैत्रीचं वावडं होतं. शाळकरी वयातल्या एका मित्रामुळे पोळल्यावर त्यांनी आत्मकथेत लिहिलं की एकाच माणसाशी अनन्य दोस्ती टाळलेली बरी. जॉर्ज ऑर्वेलने १९४९ साली याच मुद्द्यावर त्यांना धारेवर धरलं: माणूस असणं म्हणजे काही थोड्यांवर अधिक प्रेम करणं, त्याची किंमत मोजून. मला ऑर्वेलचं पटतं. मात्र अनन्य मैत्री टाळणाऱ्या त्या माणसाने जे केलं ते आजच्या कुठल्या लेखाच्या सूचनांत बसत नाही. येरवड्याच्या तुरुंगात सोबत असलेले संस्कृत पंडित परचुरे शास्त्री कुष्ठरोगाने ग्रासलेले होते. १९३९ साली ते सेवाग्रामला आले, तेव्हा गांधींनी त्यांची कुटी आपल्या जवळच बांधवली आणि स्वतः त्यांच्या अंगाला मालिश करत राहिले. परचुरे-कुटी आजही तिथे आहे. ज्याच्या सावलीला लोक बिचकत, तो जवळचा शेजारी झाला. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्टने १९५४ साली पूर्वग्रह कमी होण्याच्या अटी लिहिल्या: समान दर्जा, सामायिक काम, वरून पाठिंबा. सेवाग्रामात दुसरी आणि तिसरी अट नक्की होती. पहिलीबद्दल वाद घालता येईल, कारण सगळे समान असले तरी बापू ते बापूच होते. पण कोणाशी मैत्री होऊ शकते याची हद्द माणसं बदलू शकतात, आणि ती एकेकट्याच्या बोलक्या स्वभावाने बदलत नाही, हे त्या कुट्यांच्या नकाशावरून कळतं.

मैत्रीवरचे लेख ज्या विषयाला हातच लावत नाहीत तो पैसा. लावला तर एवढाच, की मित्रांत व्यवहार आणू नये. कोरडवाहू कापूस-सोयाबीनच्या मुलखात हा सल्ला शुद्ध चैनीचा आहे. इथे मित्र म्हणजे जामीन राहणारा, पेरणीच्या तोंडावर हातउसने देणारा, दवाखान्यात जाताना गाडी काढणारा. अमेरिका आणि घाना इथल्या मैत्रीची तुलना करणाऱ्या अॅडम्स आणि प्लाउट यांना २००३ साली असंच काही आढळलं. घानातले लोक मित्र कमी सांगत होते, मित्रांविषयी सावध होते आणि मैत्रीत प्रत्यक्ष मदतीला अधिक मोल देत होते. अमेरिकी वाचकाला यात संशयी मन दिसेल. आर्वीच्या माणसाला व्यवहार दिसेल.

कारण ‘मन मोकळं करा’ या सूचनेचा खर्च इथे खराखुरा येतो. कर्ज थकल्याचं दोस्ताला सांगितलं, दोस्त पानठेल्यावर बोलला, बातमी कृषी केंद्रापर्यंत गेली, तर पुढच्या हंगामाचं बियाणं-खत उधारीवर मिळणं बंद. मुलीच्या सोयरिकीत तीच गोष्ट आडवी येते. रोज संध्याकाळी चार माणसांत बसणारा, चार जागी हसणारा माणूस या एका बाबतीत गप्प राहतो. तो बुजरा असतो असं नाही, त्याचा हिशेब पक्का असतो. हॉल यांचे दोनशे तास त्याने त्या पानठेल्यावर केव्हाच भरलेले असतात.

वर्धा नदीपलीकडे, अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा मानसिक आरोग्याचा कार्यक्रम राबवला गेला. त्याचे निष्कर्ष २०१७ साली लॅन्सेट सायकियाट्रीत आले. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारासाठी कोणाकडे तरी गेलेल्यांचं प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. गावपातळीवरचे प्रशिक्षित कार्यकर्ते आणि समुपदेशक घरोघर जात होते. ही मैत्री नव्हे, आणि कोणी तसा दावाही केलेला नाही. पण माझा तर्क असा की ज्याच्याशी देण्याघेण्याचा संबंध नाही, ज्याच्या तोंडून गोष्ट फुटण्याची धास्ती नाही, असा ऐकणारा दारात आला म्हणून काही माणसं बोलली. त्यांतले पुरुष आपल्या दोस्तांशी तेव्हाही त्या विषयावर बोलत असतील असं वाटत नाही. दोस्ती मोडली नव्हती. फक्त तिच्यावर उधारीचा भार इतका होता की आणखी एक गोष्ट तिच्यावर टाकण्याची हिंमत कोणाची झाली नाही.