सेकंडहँड पराक्रम

माणसानं आयुष्यात एकदा तरी रोख पैसे मोजून मूर्खपणा विकत घ्यावा, अशा मताचा मी आहे. माझ्या मूर्खपणाला चार चाकं आहेत आणि तो लिटरला पाच किलोमीटर पळतो. त्याचं नाव जोंगा.

नाव ऐकून आफ्रिकेतला एखादा प्राणी डोळ्यांपुढे येतो, पण हा प्राणी जबलपूरचा. 'जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली' या लांबलचक नावाच्या आद्याक्षरांची जोंगा झाली. मूळ बांधणी जपानच्या निसानची. १९९९ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. लष्कर मोडीत काढलेल्या गाड्यांचा लिलाव करतं. तिथून त्या दलालाकडे जातात आणि दलालाकडून माझ्यासारख्यांच्या गळ्यात पडतात.

"साहेब, एकाहत्तरची लढाई बघितलेली गाडी आहे!" बॉनेटवर थाप मारत दलाल म्हणाला. त्यानं थापा दोन मारल्या होत्या हे मला घरी कागद वाचताना कळलं. लष्करी गाडीच्या नंबरात वर तोंड केलेला बाण असतो. त्याच्या पुढचे दोन आकडे म्हणजे गाडी सैन्यात दाखल झाल्याचं साल. आमच्या बाणापुढे ८२ होतं.

"अहो, मग पैसे परत मागा," ही म्हणाली.

मी मागितले नाहीत. उलट पुढचे सहा महिने, येईल त्या पाहुण्याला चहाबरोबर एकाहत्तरची लढाई देत राहिलो. मागच्या दाराला एक पोचा आहे, त्यावरून बोट फिरवून मी नुसता गप्प बसायचो. बाकीचं पाहुणे स्वतःच समजून घ्यायचे. मी खोटं कुठं बोलत होतो?

आता यात माझं एकट्याचंच चुकलं असं मला वाटत नाही. आपल्याकडे निम्म्या घराण्यांतला कोणी ना कोणी पूर्वज पानिपतावर लढलेला असतो. १७६१ साली तिथून पळून आलेल्याचा वंशज मात्र मला अजून भेटायचा आहे. आजोबांचं शौर्य नातवाच्या नावावर चढतं, तर गाडीचं मालकाच्या नावावर का चढू नये? रक्ताच्या नात्यापेक्षा ही तर रीतसर पावती करून घेतलेली वस्तू.

कायद्याला हे पटत नाही. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे तो ऑलिव्ह हिरवा रंग संरक्षण खात्याच्याच गाड्यांना. गाडी तुमची, इंजिन तुमचं, पेट्रोलचं बिल तर तुमचंच तुमचं, रंग तेवढा उतरवायचा. मी बदामी रंग दिला. रंगारी निघून गेल्यावर मला उगीचच निवृत्त झाल्यासारखं वाटलं. पण कुठे टवका उडाला की खालून हिरवा रंग डोकावतोच, आणि तो टवका बुजवायचा मला नेहमी कंटाळा येतो. कंटाळाच तो, असं मी हिला सांगतो.

एका रविवारी गाडी धूत होतो. गल्लीतली पोरं जमली होती. एकानं विचारलं, "काका, हिनं किती रणगाडे उडवले?" मी पोच्याकडे बोट नेलं, तेवढ्यात कोपऱ्यावरच्या घरातले सुभेदारसाहेब दूध घेऊन येताना दिसले. सुभेदारसाहेब सैन्यात ड्रायव्हर होते. एकाहत्तरला ते खरोखरच राजस्थानात होते. पण विचारलं तर एवढंच सांगतात, "पाण्याचा टँकर होता माझ्याकडे. तोफा लांबून ऐकल्या." एवढी मोठी लढाई आणि यांना त्यातलं एवढंच हवं!

त्यांनी दुधाची पिशवी कट्ट्यावर ठेवली, बॉनेट उघडलं, आत बघितलं.

"नंबर काय होता हिचा?"

मी सांगितला. खोटा नंबर चटकन सुचत नाही, हा माझा जुना दोष.

"ब्याऐंशी," ते म्हणाले. बॉनेट हळूच मिटलं आणि दूध उचलून चालू लागले. पोरांसमोर एक अक्षर बोलले नाहीत.

पोरं अजून उभीच होती. घसा खाकरून मी म्हणालो, "रणगाडे नाही रे उडवले. भाजीबिजी वाहिली असेल तिनं."

पोरांचा माझ्यातला रस तिथल्या तिथे संपला. क्रिकेटचा डाव सुरू झाला. सुभेदारसाहेब मात्र चालता चालता थांबले, मागे वळले.

"संध्याकाळी टाकी भरून आणा," ते म्हणाले, "क्लच घासतोय तुमचा. कसा दाबायचा ते दाखवतो."