भयाची संगत

हॉरर कन्व्हेन्शन म्हणजे भयपटांच्या चाहत्यांचे संमेलन. अमेरिकेत ते बहुधा शुक्रवार ते रविवार असे तीन दिवस एखाद्या मोठ्या हॉटेलात भरते. न्यू जर्सीतल्या चेरी हिलचे ‘मॉन्स्टर-मेनिया’ आणि डॅलसजवळचे ‘टेक्सस फ्राइटमेअर वीकएंड’ ही त्यांतली नावाजलेली संमेलने. या प्रथेचे मूळ मासिकांत सापडते. १९५८ साली निघालेल्या ‘फेमस मॉन्स्टर्स ऑफ फिल्मलँड’ने गावोगावच्या एकट्या मुलांना प्रथमच कळवले की राक्षस आणि भुते आवडणारे आपल्यासारखे आणखीही आहेत. १९७९ साली सुरू झालेल्या ‘फँगोरिया’ने पुढच्या दशकात स्वतःच्या नावाने संमेलनेच भरवली.

संमेलनाच्या एका दालनात विक्रेत्यांची टेबले असतात. तिथे जुनी पोस्टर, रबरी मुखवटे, बाहुल्या आणि आता कुठे मिळत नाहीत अशा व्हिडिओ कॅसेट मांडलेल्या असतात. दुसऱ्या दालनात कलावंत बसतात. प्रत्येकासमोर रांग असते, आणि सहीचा व फोटोचा दर टेबलावरच लावलेला असतो. सभागृहात प्रश्नोत्तरे होतात, रात्री चित्रपट दाखवतात, वेशभूषेची स्पर्धा असते. चेहऱ्याला जखमा रंगवलेला माणूस मागच्या अनोळखी माणसाला जागा राखायला सांगून कॉफी आणायला जातो आणि परत येतो तेव्हा जागा राखलेली असते. बाहेरून पाहणाऱ्याला सर्वांत चकित करते ती हीच गोष्ट: प्रेत, पिशाच, खून आणि विटंबना यांच्या चित्रांनी मढवलेल्या त्या जागेत माणसे विलक्षण सौजन्याने वागतात.

इथेच एक जुना प्रश्न नव्याने उभा राहतो. जे प्रत्यक्षात समोर आले तर माणूस जिवाच्या आकांताने पळेल, त्यात त्याने सुख का मानावे? आणि मानले, तर ते सुख निर्दोष असते का? घरी एकट्याने चित्रपट पाहणाऱ्याला कुतूहलाची सबब पुढे करता येते. प्रवास करून, पैसे मोजून, सुट्टी काढून शेकडो लोकांत जाणाऱ्याला ती पुरत नाही. तो भयाचा उत्सवच करत असतो.

प्लेटोने ‘रिपब्लिक’च्या चौथ्या भागात लिओन्टियस नावाच्या माणसाची गोष्ट सांगितली आहे. पिरेयसहून अथेन्सकडे येताना तटाबाहेर देहदंड दिलेल्यांची प्रेते पडलेली त्याला दिसतात. पाहावेसे वाटते आणि किळसही येते. बराच वेळ तो तोंड झाकून स्वतःशी झगडतो, शेवटी हरतो आणि डोळे फाडून, त्या डोळ्यांनाच शिव्या देत, प्रेतांकडे धावतो. मनाचे भाग एकमेकांविरुद्ध कसे लढतात हे दाखवायला प्लेटोने ही गोष्ट घेतली. त्याच्या दृष्टीने ते पाहणे हा पराभव होता. ॲरिस्टॉटलने मात्र ‘पोएटिक्स’मध्ये नोंदवले की प्रत्यक्षात पाहवत नाहीत अशा वस्तूंची, अगदी प्रेतांचीही, हुबेहूब चित्रे पाहताना माणसाला आनंद होतो, कारण चित्र पाहणे हे ओळखणे आणि शिकणे असते. प्रेत आणि प्रेताचे चित्र यांत त्याने रेघ ओढली, आणि पुढची सगळी चर्चा त्या रेघेभोवती फिरली.

ती रेघ सर्वांत कठोरपणे तपासली ती संत ऑगस्टीनने. ‘कन्फेशन्स’च्या तिसऱ्या भागात त्याने तरुणपणी कार्थेजमध्ये पाहिलेल्या नाटकांबद्दल लिहिले आहे. त्याचा आक्षेप असा की रंगभूमीवरच्या दुःखात प्रेक्षकाला मदतीला बोलावलेलेच नसते. त्याने फक्त हळहळायचे, आणि जितके हळहळेल तितकी नटाची वाहवा करायची. ज्या करुणेतून काहीच कृती होत नाही तिचे मोल काय? सहाव्या भागात तो आपल्या मित्राची, अलिपियसची, हकिकत सांगतो. मित्रांनी रोमच्या आखाड्यात ओढून नेलेला अलिपियस डोळे घट्ट मिटून बसतो. गर्दीची आरोळी कानांवर पडते, डोळे उघडतात, आणि समोरचे रक्त पाहून तोही बाकीच्यांइतकाच झिंगतो. एकटा आला असता तर वाचला असता. संगतीने त्याला बुडवले. संमेलनांच्या बाजूने बोलणाऱ्याला या दोन्ही आक्षेपांना सामोरे जावेच लागते.

आधुनिक काळात उत्तरे बरीच दिली गेली. १७५७ साली डेव्हिड ह्यूमने शोकात्मिकेवरच्या निबंधात म्हटले की मांडणीचे सौंदर्य इतके प्रबळ असते की मूळच्या क्लेशाचा जोर ते आपल्याकडे वळवून घेते. १९९० साली नोएल कॅरोलने ‘द फिलॉसॉफी ऑफ हॉरर’मध्ये वेगळे उत्तर दिले: राक्षस ही आपल्या ओळखीच्या कोणत्याच वर्गात न बसणारी वस्तू असते, तिच्याविषयीचे कुतूहल कथानक चाळवते आणि शमवते, आणि किळस ही त्या कुतूहलासाठी मोजलेली किंमत असते. दोन्ही उत्तरे पहिल्यांदा चित्रपट पाहणाऱ्याला लागू पडतात. संमेलनात आलेल्याला नाही. त्याने तो चित्रपट कित्येकदा पाहिलेला असतो. राक्षस कोण, तो कसा मरतो, रक्त कोणत्या नळीतून येते, हे सगळे त्याला पाठ असते. त्याचे कुतूहल केव्हाच शमलेले आहे, तरी तो येतो.

त्याचे येणे समजून घ्यायला काश्मीरचा अभिनवगुप्त अधिक उपयोगी पडतो. भरताच्या नाट्यशास्त्राने आठ रसांत भयानक आणि बीभत्स यांना शृंगार-वीरांच्या बरोबरीने बसवले. भयानकाचा वर्ण काळा आणि देव काल. बीभत्साचा वर्ण निळा आणि देव महाकाल. ही नुसती सजावट नव्हे. भय आणि किळस यांनाही देवता आहेत असे मानणारी परंपरा त्यांना लपवण्याजोगा विकार मानत नाही. दहाव्या-अकराव्या शतकांत नाट्यशास्त्रावर टीका लिहिताना अभिनवगुप्ताने रसप्रक्रिया समजावण्यासाठी उदाहरण घेतले ते भयाचेच: शाकुंतलाच्या आरंभी दुष्यंताच्या बाणापुढे मान वळवून धावणारे हरीण. तो म्हणतो की तिथे प्रेक्षकाला जे जाणवते ते ‘मी भ्यालो’ असे नसते, ‘ते भ्याले’ असेही नसते. कारण भय माझे म्हटले की पळावेसे वाटते. परक्याचे म्हटले की शत्रू, मित्र, तटस्थ असे हिशेब सुरू होतात आणि त्यांतून नवी सुखदुःखे उगवतात. नाट्यात स्थळकाळाच्या आणि मालकीच्या खुंट्या निघून जातात आणि उरते ते केवळ भय, कुणाचेच नसलेले आणि म्हणून सर्वांचे. त्याच्या आधीच्या भट्टनायकाने याला साधारणीकरण म्हटले होते.

अभिनवगुप्ताने रसाच्या आड येणाऱ्या विघ्नांचीही यादी केली. त्यांतले एक म्हणजे आपले-परके हीच जाणीव. ती दूर कशी होते? त्याचे उत्तर मार्मिक आहे. प्रस्तावनेत प्रेक्षकाला नट नट म्हणून आधी दिसतो, मग मुकुट आणि वेश चढवून त्याचे नटपण झाकले जाते. म्हणजे हा नट आहे हे माहीत असण्याने रसाला बाध येत नाही. ते माहीत असणे ही त्याची पूर्वतयारीच आहे.

हॉरर कन्व्हेन्शनमध्ये जे घडते त्याचे याहून नेमके वर्णन क्वचितच सापडेल. ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ मालिकेत १९८८ ते २००१ या काळातल्या चार चित्रपटांत जेसन नावाचा खुनी झालेला केन हॉडर हा स्टंट कलावंत संमेलनांतून चाहत्यांबरोबर फोटो काढतो तो त्यांचा गळा आवळून. ज्याने पडद्यावर असंख्य माणसे मारली त्याच्या हातात चाहता आपण होऊन मान देतो, आणि फोटो झाला की दोघे हस्तांदोलन करतात. १९७७ साली एका स्टंटच्या प्रात्यक्षिकात हॉडर भयंकर भाजला होता, आणि पुढे भाजलेल्या रुग्णांना भेटायला तो रुग्णालयांत जात राहिला. रांगेतल्या अनेकांना हे माहीत असते. पडद्यावरचा राक्षस आणि खरोखर भाजून वाचलेला माणूस दोन्ही एकाच देहात समोर उभे असतात, आणि चाहत्याला त्यांची गल्लत होत नाही. लहानपणी उशीखाली डोके खुपसून जे भय त्याने एकट्याने सोसले ते इथे त्याचे एकट्याचे राहत नाही. ते शेकडो लोकांचे होते.

बौद्ध परंपरेने हाच मुद्दा फार आधी आणि फार मोठी किंमत मोजून ओळखला होता. प्रेताच्या सडण्याच्या अवस्थांवर चित्त लावण्याची अशुभभावना ही मान्य साधना आहे. पण विनयपिटकात वैशालीची एक घटना नोंदलेली आहे: ही साधना करता करता भिक्षूंना स्वतःच्या देहाची इतकी घृणा आली की अनेकांनी जीवनाचा अंत करून घेतला, आणि मग बुद्धाने श्वासावर लक्ष ठेवण्याची आनापानस्मृती शिकवली. पाचव्या शतकात लंकेत ‘विसुद्धिमग्ग’ लिहिणाऱ्या बुद्धघोषाने त्यावर व्यावहारिक नियम घातला. स्मशानात ध्यानाला जाणाऱ्या भिक्षूने संघातल्या ज्येष्ठाला सांगूनच निघावे, म्हणजे तिथे भीतीने अंगाला कापरे भरले किंवा तो आजारी पडला तर त्याला सांभाळणारे कुणी असेल. भयाकडे पाहणे निषिद्ध नाही, पण आपण पाहत आहोत हे कुणाला तरी ठाऊक हवे. अर्थात भिक्षू विरक्तीसाठी पाहतो आणि चाहता रंजनासाठी. हा फरक मोठा आहे आणि तो पुसू नये.

विज्ञानाने अलीकडे यात थोडी भर घातली आहे. डेन्मार्कमधल्या वायले येथील एका भीतिगृहात ११० पाहुण्यांच्या हृदयाचे ठोके मोजून केलेला अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. भीती अगदी कमी असली किंवा अतोनात असली की आनंद घटतो आणि मधल्या मात्रेत तो सर्वाधिक असतो, असे त्यात दिसले. २०२१ साली कोल्टन स्क्रिव्हनर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवले की करोनाच्या सुरुवातीच्या महिन्यांत भयपटांच्या चाहत्यांनी इतरांपेक्षा कमी मानसिक त्रास नोंदवला. भयपटांमुळेच मन कणखर झाले असे यातून सिद्ध होत नाही. कणखर मनाचे लोकच भयपटांकडे वळत असतील. पण भयपट पाहून माणूस खचतो, या समजुतीला मात्र यात आधार मिळत नाही.

ऑगस्टीनचे दोन्ही आक्षेप अजून उभेच आहेत, आणि त्यांचे उत्तर सिद्धांतापेक्षा दोन गावांच्या तुलनेत स्पष्ट मिळते.

पहिले गाव विस्कॉन्सिनमधले प्लेनफील्ड. १९५७ साली तिथे एड गीनला अटक झाली. त्याने दोन स्त्रियांचे खून केले होते आणि दफनभूमीतून प्रेते उकरली होती. ‘सायको’ आणि ‘द टेक्सस चेन सॉ मॅसकर’ या चित्रपटांना त्याच्या गुन्ह्यांतून बीज मिळाले. पुढच्याच वर्षी त्याची मोटार लिलावात घेऊन एका जत्रेवाल्याने ती तिकीट लावून दाखवली. १९८४ साली गीन मेला, तेव्हा लोक त्याच्या थडग्याच्या दगडाचे तुकडे फोडून नेऊ लागले. अखेर २००० साली सगळा दगडच चोरीला गेला आणि पुढच्या वर्षी सापडला. हा अलिपियसचा आखाडा आहे. इथे बळी खरे होते आणि त्यांचे नातेवाईक त्याच गावात राहत होते. भय इथे कुणाचेच नसलेले होऊ शकत नाही. त्याचे मालक आहेत, आणि त्यांच्याकडून ते हिसकावून घेतलेले आहे.

दुसरे गाव पेनसिल्व्हेनियातले इव्हान्स सिटी. जॉर्ज रोमेरोचा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ तिथल्या दफनभूमीत सुरू होतो. भाऊ-बहीण वडिलांच्या थडग्यावर पुष्पचक्र ठेवायला येतात, बहीण प्रार्थना करते, भाऊ तिच्या भाविकपणाची टर उडवतो, आणि मग पहिले चालते प्रेत येते. सुमारे १ लाख १४ हजार डॉलरमध्ये झालेल्या आणि १९६८ साली प्रदर्शित झालेल्या या चित्रपटात नायक कृष्णवर्णीय होता. तो प्रेतांपासून रात्रभर वाचतो आणि सकाळी माणसांच्या गोळीने मरतो. चाहते आजही तिथे जातात आणि त्या चित्रपटाच्या नावाने संमेलनही भरते. त्या दफनभूमीतले लहानसे चॅपेल पडायला आले आणि ते पाडण्याची वेळ आली, तेव्हा चाहत्यांनी वर्गणी काढून त्याची दुरुस्ती करून घेतली. ज्या कथेत मेलेली माणसे जिवंतांना खातात, तिच्या चाहत्यांनी खऱ्या मृतांसाठीची प्रार्थनेची जागा वाचवली. रंगभूमीवरच्या भावनेतून कृती निघत नाही या ऑगस्टीनच्या तक्रारीला हे पुरते उत्तर नव्हे. पण तिथे ती निघाली.

तेव्हा संमेलनात रक्ताची चित्रे किती आहेत यावरून त्याचा न्याय करता येत नाही. तिथले भय कल्पित आहे की कुणा खऱ्या माणसाच्या यातनेतून काढलेले आहे, यावरून करता येतो. काही ठिकाणी खऱ्या खुन्यांची पत्रे, चित्रे, त्यांचे चेहरे छापलेले कपडे विकायला येतात. ती टेबले मुखवट्यांच्या टेबलांशेजारीच असतात आणि घाईत पाहणाऱ्याला दोहोंत फरक दिसत नाही. फरक मात्र आहे, आणि तो इव्हान्स सिटी आणि प्लेनफील्ड यांच्यातला आहे. संयोजकांनी असल्या विक्रीला जागा देऊ नये. आणि दिलीच, तर चाहत्याने तिथे थांबू नये.