मोराचे पाय

संध्याकाळचे साडेपाच वाजले की आमच्या घरी टीव्हीपुढे जुनं वर्तमानपत्र अंथरलं जातं. त्यावर रंगीत कागद, गोंद, बोथट कात्री, जुन्या लग्नपत्रिका आणि थोडा कापूस. चार वर्षांची नात मांडी घालून बसते आणि मला हुकूम सुटतो, "आजी, मिस्टर मेकर लाव."

ज्यांच्या घरात सध्या लहान मूल नाही त्यांच्यासाठी सांगते. 'मिस्टर मेकर' हा बीबीसीच्या 'सीबीबीज' या चिमुकल्यांच्या वाहिनीवरचा चित्र-हस्तकलेचा कार्यक्रम. २००७ साली तो ब्रिटनमध्ये सुरू झाला. आमच्याकडे आता यूट्यूबवरून टीव्हीवर लागतो. फिल गॅलघर नावाचे गृहस्थ रंगीबेरंगी वेस्कोट घालून येतात आणि शाळेत न जाणाऱ्या मुलांनाही जमेल अशा वस्तू करून दाखवतात. गोल, चौकोन, त्रिकोण, आयत हे आकार त्यात चक्क नाचतात. एक वस्तू तर घड्याळ लावून एका मिनिटात करायची असते. भाषा इंग्रजी. नातीला त्यातलं फारसं कळत नाही, पण अडतही नाही. हातांची भाषा तिला कळते.

माझी मुलं लहान होती तेव्हा हेच 'पोगो'वर होतं. 'मॅड', म्हणजे म्युझिक, आर्ट, डान्स. २००५ च्या सुमाराचं. हरून रॉबर्ट यांना सगळी मुलं 'रॉब' म्हणूनच ओळखायची. त्या दिवसांत आमच्या घरात एक रिकामी बाटली वा खोका फेकायची सोय नव्हती. आणि तेव्हाचीच माझी एक सवय, जी मी आजवर कोणापुढे बोलले नव्हते. मुलं शाळेचं 'प्रोजेक्ट' अर्धवट टाकून झोपली की रात्री दहानंतर मी ते पूर्ण करायची. वाकडं कापलेलं सरळ करायचं, गोंदाचे ओघळ पुसायचे, अक्षरं नीट काढायची. सकाळी मुलं ते उचलून शाळेत न्यायची. तुमच्यापैकी कितीजणींनी हे केलंय, हात वर करा म्हटलं तर निम्मा हॉल हात वर करील, मला खात्री आहे. त्याला आपण चोरी म्हणत नाही. 'मदत' म्हणतो.

या पावसाळ्यात मात्र माझी मदत उघडी पडली.

नातीला बालवाडीतून पावसाचं चित्र काढून आणायला सांगितलं होतं. तिने मोर काढला. एक मोठा गोल, त्याला एक छोटा गोल, मागे पिसाऱ्याच्या रेघा आणि खाली पाय. किती? मी मोजले नाहीत, पण दहाच्या वर नक्की होते. मी म्हटलं, "बाळा, मोराला दोनच पाय असतात." ती म्हणाली, "अगं आजी, तो पळतोय!"

मी हसले. ती झोपल्यावर खोडरबर घेतलं, पाय पुसले, दोन सुबक पाय काढले. हात लागलाच होता तर मानही जरा डौलदार केली, तुरा काढला. दुसऱ्या दिवशी शाळेत चित्र भिंतीवर लागलं. खाली नातीचं नाव. बाईंनी कौतुक केलं. मी तिथेच उभी होते आणि हसून ते कौतुक घेतलं. नात चित्रासमोर बराच वेळ थांबली. मग एवढंच म्हणाली, "हा तर उभाच आहे."

त्यानंतर ती कागद माझ्यापुढे सरकवायला लागली. "आजी, तू काढ. तुला छान येतं."

कोणाला हे कौतुक वाटेल. मला ते बोचलं. आपण श्रावक-श्राविका ज्या पाच अणुव्रतांची नावं घेतो त्यात तिसरं अचौर्य. शास्त्राचा त्यासाठीचा शब्द फार नेमका आहे: अदत्तादान. जे दिलेलं नाही ते घेणं. यात वस्तूची किंमत विचारलेली नाही आणि मालकाचं वयही विचारलेलं नाही. प्रश्न एकच आहे, तुला ते दिलं होतं का? मोराचे पाय मला कोणी दिले नव्हते. त्या पायांत एक पळणारा मोर होता आणि तो मी तिच्या कागदावरून उचलला.

शिवाय दुसरंही व्रत मोडलं. चित्राखाली नाव तिचं, हात माझा, हे असत्य झालं. आणि ते असत्य मी चार वर्षांच्या मुलीच्या हातून शाळेत पाठवलं. आपल्याकडे कर्माचे तीन दरवाजे सांगितलेत: स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवणं आणि केलेल्याला अनुमोदन देणं. रात्री मी केलं, सकाळी तिच्याकडून करवलं आणि भिंतीपुढे हसून अनुमोदन दिलं. तिन्ही दरवाजे एका मोरासाठी उघडे.

यावर माझी एक मैत्रीण रागावली. म्हणाली, "अगं, मग मुलांना शिकवायचंच नाही का? चुकलं तरी वा वा म्हणायचं?" तिचं म्हणणं सोडून देण्यासारखं नाही. आपल्या परंपरेत तर पहिला शिक्षक हा बापच आहे. भगवान ऋषभदेवांनी आपल्या दोन्ही मुलींना जवळ घेऊन, उजव्या हाताने ब्राह्मीला लिपी आणि डाव्या हाताने सुंदरीला अंक शिकवले, हे पाठशाळेत आपण सगळ्याच ऐकतो. 'अ' गिरवताना हात धरावाच लागतो. 'अ' वाकडा काढला तर तो वाचणाऱ्याला कळणार नाही. पाच आणि चार मिळून नऊच होतात, तिथे नातीची मर्जी चालणार नाही. लिपी आणि अंक सगळ्यांचे असतात, म्हणून ते सगळ्यांसारखे यावे लागतात.

पण पळणारा मोर सगळ्यांचा नव्हता. तो तिने पाहिलेला होता. तिथे चूक आणि बरोबर ठरवायला माझ्याकडे काय होतं? फक्त पुस्तकातला मोर.

मग मी तो कार्यक्रम पुन्हा नीट पाहायला बसले, यावेळी मुलीसाठी नव्हे, स्वतःसाठी. एक गोष्ट ध्यानात आली. तो टीव्हीतला माणूस शिकवतो, करून दाखवतो, घाई करतो, पण त्याला नातीच्या कागदाला हात लावता येत नाही. मधे काच आहे. त्याने माकड करून दाखवलं आणि हिने त्याचं मांजर केलं, तरी तो पुढे निघून जातो. म्हणून तिला त्याच्यापुढे भीती वाटत नाही. माझ्यापुढे वाटते, कारण माझा हात पोहोचतो.

पण त्या काचेचं दुसरंही एक आहे. त्याला तिचं मांजर दिसतच नाही. तो जे 'छान' म्हणतो ते सगळ्या जगातल्या मुलांना न पाहता म्हणतो. एक मिनिटाचं घड्याळ संपतं तेव्हा हिचा गोंदही वाळलेला नसतो आणि ती रडवेली होऊन टीव्हीकडे नाही, माझ्याकडे बघते. म्हणजे तिला कोणीतरी पाहणारं हवं असतं. तो हात लावत नाही पण पाहूही शकत नाही. मी पाहू शकते पण हात आवरत नाही. मला जमवायचं होतं ते या दोघांच्या मधलं.

आमच्याकडे भांड्यांना येणाऱ्या ताई वारली आहेत. सिल्वासाच्या आसपासच्या पाड्यांत वारली वस्ती मोठी. एकदा टीव्हीवर ते आकार नाचत होते, तर ताई हात पुसत थांबल्या आणि हसायला लागल्या. गोल आणि त्रिकोण तर त्यांच्या घरचेच. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले की माणसाचं अंग, वर गोल की डोकं. लग्नात भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवचौक काढायचा मान तिथे सवाष्णींचा. चौकात पालघट देवी. बांबूची काडी टोकाशी चावून तिचाच कुंचला. डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी हीच चित्रकला लग्नाच्या भिंतीवरून कागदावर आणली आणि २०११ साली पद्मश्री मिळवली. मी ताईंना विचारलं, तुम्हाला कोणी शिकवलं? त्यांना प्रश्नच विचित्र वाटला. म्हणाल्या, मोठ्या बायका काढायच्या, आम्ही बाजूला बसून बघायचो, खालच्या कोपऱ्यात आमचंही काहीतरी काढायचो. ते कोणी पुसायचं का, असं विचारलं तर म्हणाल्या, कशाला पुसतील? जागा होती की.

'जागा होती की' हे माझ्या मनात राहिलं.

आणि मग ती कथा आठवली जी लहानपणापासून ऐकली पण कधी स्वतःला लावून पाहिली नव्हती. बलभद्र मुनींची. नाशिक जिल्ह्यातल्या मांगी-तुंगीच्या डोंगराशी लोक ती जोडतात. श्रीकृष्णांचे हे थोरले बंधू दीक्षा घेऊन वनात तप करत होते. गावात जायचं नाही, वनात जे मिळेल त्यावरच पारणं करायचं, असा त्यांचा नियम. एक हरिण त्यांच्या संगतीला असायचं. एके दिवशी लाकूड तोडणारा एक रथकार जेवायला बसला होता. हरिणाने मुनींना तिथवर आणलं. रथकाराने भावपूर्वक आहार दिला, मुनींनी घेतला आणि हरिण बाजूला उभं राहून पाहत होतं. हा देतोय, हे घेतायत, केवढं भाग्य, एवढाच त्याचा भाव. तेवढ्यात अर्धवट तोडलेलं झाड कोसळलं, तिघंही गेले आणि तिघंही एकाच पाचव्या देवलोकात पोहोचले. तप करणारा, दान देणारा आणि नुसता पाहून आनंदणारा.

हरिणाला आहार देता येत नव्हता, कारण त्याला हात नव्हते. पण मला वाटतं, हात असूनही ते मागे ठेवता येणं हेच आम्हा आई-आज्यांचं तप असावं. पापाचं अनुमोदन करू नये हे आपण प्रतिक्रमणात रोज घोकतो. पुण्याचं, चांगल्याचं अनुमोदन करायला मात्र आपण शिकतच नाही. समोर काही चांगलं घडताना दिसलं की त्यात आपला हात घातल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही.

मग मैत्रिणीच्या प्रश्नाचं काय? मी आता एक साधा नियम केलाय. तिने "आजी, हात धर" म्हटलं तर धरते. तेव्हा तो हात दत्त असतो, दिलेला. न मागता धरत नाही. सोपं वाटतं, पण करून पाहा. देरासरात ती अक्षतांचा साथिया काढते. गेल्या आठवड्यात त्याची एक भुजा उलटीकडे वळली होती. माझी बोटं दोनदा पाटापर्यंत जाऊन परत आली.

या वर्षी संवत्सरीला घरात सगळ्यांना 'मिच्छामि दुक्कडं' म्हणून झालं. लहानांनी मोठ्यांना म्हणायचं, बरोबरीच्यांनी एकमेकांना. चार वर्षांच्या मुलीची क्षमा मागायची आपल्यात फारशी पद्धत नाही. मी खाली बसले आणि तिला हात जोडले. तिला मजा वाटली. "कशाबद्दल?"

"तुझ्या मोराचे पाय मी पुसले होते. शाळेत बाईंनाही मी सांगितलंय, की ते पाय मी काढले होते."

ती उठली. शाळेतून परत आलेला तो कागद कपाटाच्या खालच्या कप्प्यात होता, तो घेऊन आली. खोडरबराचा काळपट डाग अजून तसाच होता. त्या डागावरच तिने पेन्सिलने पाय काढायला घेतले. मी दोन्ही हात मांडीवर ठेवून मोजत होते. यावेळी नक्की मोजले. चौदा झाले.

"आता पळतोय?" मी विचारलं.

"थांब ना," ती म्हणाली, "अजून काढतेय."