न सापडलेले कारण

रात्री नीट बंद करून ठेवलेली मोटार सकाळी सुरू होत नाही. सेल्फ मारला की नुसती टकटक होते. बॅटरी जुनी नाही, अल्टरनेटर चार्जिंग नीट देतो, टर्मिनल स्वच्छ आहेत, दिवे बंद होते. चार्ज केली की गाडी दोन-चार दिवस ठीक चालते आणि पुन्हा तेच. गॅरेजमध्ये तपासणी होते, काही सापडत नाही आणि शेवटी सांगितले जाते, ‘काही कारण नाही, उगाच उतरते.’ हा निष्कर्ष वर्कशॉपमध्ये निघत असला तरी तो तत्त्वज्ञानाच्या हद्दीतला आहे. ‘कारण कळले नाही’ हे आपल्या ज्ञानाविषयीचे विधान झाले, ‘कारण नाही’ हे जगाविषयीचे. पहिल्यावरून दुसऱ्यावर जाण्याचा अधिकार आपल्याला कधी मिळतो? माझ्या मते तो जवळजवळ कधीच मिळत नाही. तो मिळाला असे धरून चालणे ही विनम्रता नव्हे आणि ती श्रद्धाही नव्हे.

मिथिलेचे दहाव्या शतकातले नैयायिक उदयनाचार्य यांनी ‘न्यायकुसुमांजली’च्या आरंभीच या प्रश्नाला हात घातला आहे. त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा: ज्याला कशाचीच अपेक्षा नाही ते एकतर सदैव असेल किंवा कधीच नसेल. जे कधी असते आणि कधी नसते, ते कशावर तरी अवलंबून असलेच पाहिजे. बॅटरीचे उतरणे नेमके असेच कधीमधी घडणारे आहे, आणि ते मोजताही येते. बंद गाडीतही घड्याळ, अलार्म, संगणकीय मॉड्यूल यांना थोडा प्रवाह लागतोच. साधारण 50 मिलिअँपिअरपर्यंतचा प्रवाह सामान्य मानतात. त्या हिशेबाने दिवसाला 1.2 अँपिअर-तास खर्च होतात आणि 45 अँपिअर-तासांची बॅटरी रिकामी व्हायला महिन्याहून अधिक काळ लागतो. तीच चार-साडेचार दिवसांत रिकामी होत असेल, तर कुठेतरी सुमारे 0.4 अँपिअर प्रवाह सतत वाहतो आहे. 5 वॅटचा एक छोटा दिवा एवढाच प्रवाह घेतो. म्हणजे कारणाचे नाव कळण्याआधीच त्याचा आकार कळला. ज्याचे माप निघते त्याला ‘उगाच’ म्हणता येत नाही.

मग ते सापडत का नाही? येथे सातव्या शतकातले बौद्ध तर्कपंडित धर्मकीर्ती उपयोगी पडतात. वस्तू दिसली नाही एवढ्यावरून ती नाही असे ठरत नाही, हा त्यांचा आग्रह. ती तेथे असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती असेल तरच न दिसणे हा पुरावा ठरतो. डिकीतल्या दिव्याचा विचार करावा. झाकणाचा स्विच बिघडला तर डिकी बंद केल्यावरही दिवा जळत राहतो. तपासायला डिकी उघडली की दिवा लागलेला दिसतो, आणि तो तसा दिसायलाच हवा. पाहणाऱ्याला दोष दिसत नाही, कारण त्याची पाहण्याची रीतच दोष झाकून टाकते. वेळेचेही तसेच आहे. आधुनिक गाडी कुलूप लावल्याबरोबर झोपत नाही. तिची मॉड्यूल शांत व्हायला काही मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत, कधी त्याहूनही जास्त वेळ लागतो. मध्येच दार उघडले तर ती पुन्हा जागी होतात. घाईने लावलेला मल्टिमीटर सामान्य प्रवाहाला दोष ठरवू शकतो, आणि रात्री केव्हातरी अडकणारा रिले दुपारच्या दहा मिनिटांच्या तपासणीत हाती लागत नाही. ‘तपासले, काही नाही’ या वाक्याचे वजन त्यामागची तपासणी काय पकडू शकत होती यावर ठरते.

जाणता वायरमन निगेटिव्ह केबलच्या मार्गात मीटर जोडतो, गाडी झोपेपर्यंत थांबतो आणि एकेक फ्यूज काढत आकडा कोणत्या फ्यूजला पडतो ते पाहतो. आपल्या तर्कशास्त्रातल्या अन्वय-व्यतिरेकाचेच हे आचरण आहे: हे असताना ते आहे, हे नसताना ते नाही. यावर एक रास्त आक्षेप आहे. फ्यूज काढून परत लावला की मॉड्यूल नव्याने सुरू होते आणि अडकलेला दोष तात्पुरता सुटतो. शोधच शोधलेल्या गोष्टीला बदलून टाकतो, मग निष्कर्षावर विश्वास कसा ठेवायचा? पण हा आक्षेप स्वतःच कार्यकारणावर उभा आहे. कशाने काय बदलते हे माहीत असल्यामुळेच तो घेता येतो आणि त्यावर उपायही निघतो: फ्यूज जागेवरच ठेवून त्याच्या दोन टोकांमधला मिलिव्होल्टचा फरक मोजायचा. आतले सगळे फ्यूज काढूनही आकडा पडला नाही, तरी प्रवाह निष्कारण ठरत नाही. अल्टरनेटरचा बिघडलेला डायोड त्या फ्यूजपेटीला वळसा घालून बॅटरी पीत असू शकतो. शोधाची हद्द संपली म्हणून कारणांची हद्द संपत नाही.

अधिक खोल आक्षेप चार्वाकांचा आणि डेव्हिड ह्यूम यांचा आहे. प्रत्येक गोष्टीला कारण असतेच, हे कोणी सिद्ध केले? आपण फक्त एकामागून एक घडणाऱ्या गोष्टी पाहतो. उदयनांचे उत्तर असे की संशयाची मर्यादा आचरणातल्या विसंगतीपाशी येते. धुरासाठी जो विस्तवच पेटवतो त्याला विस्तव आणि धूर यांच्या संबंधावर खरा संशय नसतो. ‘उगाच उतरते’ म्हणणाराही बॅटरीला चार्जरच लावतो. बाराव्या शतकात श्रीहर्षांनी ‘खण्डनखण्डखाद्या’त या उत्तरावरही हल्ला चढवला: विसंगती दाखवायची तर आधी संशय जिवंत मानावा लागतो. हा वार खरा आहे. कारणतत्त्व तर्काने निर्विवाद सिद्ध होत नाही, हे मान्य केले पाहिजे. ते कृतीची आणि शोधाची पूर्वअट आहे. अणुगर्भाचा क्षय नेमका कोणत्या क्षणी होईल याला कारण देता येत नाही, असे भौतिकशास्त्र सांगते. पण तेथेही अर्धायुष्याचा नियम पक्का आहे. शिवाय, क्वांटम घटनांमागे दडलेली स्थानिक कारणे मानता येत नाहीत हा निष्कर्षसुद्धा जॉन बेल यांच्या 1964 च्या प्रमेयानंतर दशकानुदशके प्रयोग करून मिळवावा लागला. ‘कारण नाही’ म्हणण्याचा अधिकार इतका महाग आहे.

राहिला धर्माचा आक्षेप. काही गोष्टी प्रारब्धाच्या असतात, सगळ्याचा हिशेब मागणे हा अहंकार आहे, असे श्रद्धाळू मन म्हणेल. उदयनांची स्वतःची वाटही पुढे अदृष्टापर्यंत, म्हणजे न दिसणाऱ्या कारणापर्यंत, आणि ईश्वरापर्यंत जाते. पण दृष्ट कारण संभवत असताना अदृष्टाची कल्पना करणे न्याय्य नाही, हा दंडक मीमांसकांचाच आहे. वैशेषिकसूत्रांत लोहचुंबकाकडे सरकणाऱ्या सुईची गती अदृष्टाच्या खाती जमा आहे. पुढे ती चुंबकत्वाच्या खाती गेली. जो देव अशा अज्ञाताच्या फटीत बसवला जातो, त्याची जागा प्रत्येक शोधाबरोबर आक्रसते. दसऱ्याला गाडीला हार घालणारी श्रद्धा आणि फ्यूजपेटीपुढे तासभर थांबणारी चिकाटी यांत विरोध नाही. जग सुसंगत आहे हा विश्वास दोन्हींच्या मुळाशी असू शकतो.

विरोध आहे तो ‘ही गाडी आम्हाला लाभली नाही’ म्हणून विषय मिटवण्याशी. कारण ती गाडी मग विकली जाते आणि न शोधलेला दोष दुसऱ्याच्या दारात जातो. हीच सवय पुढे माणसांनाही लागू होते. न कळलेल्या आजाराला नशीब म्हटले की रुग्णाची पुढची तपासणी थांबते. न कळलेल्या अपयशाला पायगुण म्हटले की दोष घरातल्या एखाद्या निरपराध बाईच्या माथी बसतो. शोध अनंत काळ चालू शकत नाही; पैसा, वेळ, शक्ती संपतात आणि थांबावे लागते. थांबण्यात कमीपणा नाही. पण थांबताना काय पाहिले, कसे पाहिले आणि काय पाहायचे राहिले एवढे प्रामाणिकपणे सांगून थांबावे, म्हणजे पुढच्या माणसाला आपल्या अज्ञानाच्या जागी खोटे ज्ञान मिळणार नाही.