पैऱ्याचा हिशेब

बर्फावर घसरगाडी ओढणाऱ्या कुत्र्यांत प्रत्येकाची जागा ठरलेली असते. सगळ्यांत पुढचे वाट धरतात. गाडीलगतचे दणकट कुत्रे वळणावर भार सावरतात. सातारा-सांगलीच्या माणसाला यात फारसं नवल वाटू नये. कृष्णाकाठच्या काळ्या रानात जड लाकडी नांगराला एकापुढं एक अशा तीन-चार बैलजोड्या जुंपत, आणि तिथंही म्होरक्या जोडीकडून वेगळं काम अपेक्षित असे, नांगरालगतच्या जोडीकडून वेगळं. ट्रॅक्टर आला, ते नांगर गेले. जुंपणीची ती अक्कल आता बैलगाडा शर्यतीच्या मैदानात उरली आहे.

पूर्वी बैल कमी पडले की शेजाऱ्याशी पैरा करून, म्हणजे दोघांचे बैल एकत्र जुंपून, औत उरकत. आज शर्यतवालेही परक्या दावणीच्या खिलाराशी पैरा जुळवतात. 2023 साली खानापूर तालुक्यातल्या भाळवणीच्या मैदानात बक्षिसाची थार गाडी जिंकणारे बकासूर आणि महिब्या हे बैल वेगवेगळ्या मालकांचे होते.

जू म्हणजे साधी तरफ. एक बैल नुसता पाऊलभर पुढं निघाला तरी जू तिरकं होतं, छकडा चाकोरी सोडू पाहतो आणि त्या बैलाचा जादा वेग मातीत जातो. औताला एक बैल नरम असेल, तर जाणता शेतकरी जुवाचा मधला बांध दणकट बैलाकडं थोडा सरकवतो. नरम बैलाच्या बाजूचं जू लांब होतं, त्याला ओढ कमी लागते. ओझं निम्मंनिम्मं करून जोडी जमत नाही. ज्याला जेवढं झेपेल तेवढं वाटलं, की जमते.

2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यती थांबवल्या, डिसेंबर 2021 मध्ये अटींसह पुन्हा परवानगी दिली. नियमांनी काठी-चाबकाला मनाई केली. म्हणजे मारून पळवायचं नसेल, तर जोडी नीट जुळवण्यावाचून गत्यंतर नाही. नियम मनापासून पाळले तर पैरा जुळवणाऱ्याची नजर हीच मैदानातली खरी विद्या ठरेल.

बाजार मात्र उलटा चालतो. बोली एकट्या बैलावर लागते आणि फ्लेक्सवर फोटोही त्याचाच मोठा. माणसांच्या कारखान्यात, कचेरीत, संघात आपण हेच करतो: कोण किती धावला ते मोजतो, जोडीदाराचं जू सरळ राहावं म्हणून कुणी स्वतःला आवरलं, ते कुठल्याच वहीत चढत नाही. संघाचा अभ्यास करायचा, तर सुरुवात या न चढलेल्या नोंदीपासून करावी लागेल.