सर्किट सर्वांचं, नाव ज्याचं त्याचं

‘क्लॉन सेंटॉर’ हे गिटारचा आवाज बदलणारं पेडल, म्हणजे वादकाच्या पायाशी ठेवायची एक सोनेरी डबी. अमेरिकेतल्या बिल फिनेगन यांनी ती 1994 मध्ये बाजारात आणली. पुढच्या दीड दशकात सुमारे आठ हजारच नग बनले. आतलं सर्किट कुणी उतरवून घेऊ नये म्हणून त्यावर काळं इपॉक्सी ओतलेलं असे. आज एखादा जुना नग हजारो डॉलरांना विकला जातो. बेळगावच्या अनगोळमध्ये गिटार शिकणाऱ्या पोराला तो आवाज हवा असेल तर त्याच्या आवाक्यात एकच गोष्ट असते, ती म्हणजे क्लोन, त्याच सर्किटची स्वस्त नक्कल.

तो घेतला तर चोरीचा माल घेतल्यासारखं होतं का?

उत्तर शोधायचं तर डबी उघडायला हवी. 1979च्या सुमारास आलेल्या आयबानेझच्या ‘ट्यूब स्क्रीमर’ या अशाच पेडलमध्ये 4558 नावाची आठ पायांची चिप असते. तिच्या फीडबॅकच्या वाटेवर दोन सिलिकॉन डायोड उलटसुलट जोडलेले असतात. सिग्नल ठरावीक पातळीच्या वर गेला की ते त्याची टोकं दाबतात आणि स्वच्छ सूर खरखरीत होतो. बाकी मोजके रेझिस्टर, कॅपॅसिटर आणि नऊ व्होल्टची बॅटरी. यातला एकही भाग दुर्मीळ नाही. नवी कल्पना असेल तर तिचं पेटंट घेता येतं, पण भारतात त्याची मुदत वीस वर्षांची. त्यानंतर ती मांडणी सर्वांची होते, आणि पेटंट घेतलंच नसेल तर मुळातच अडवता येत नाही. हे योग्यच आहे. लंडनच्या जिम मार्शल यांचा पहिला अँप्लिफायर फेंडरच्या ‘बॅसमन’वरूनच उतरवलेला होता. सुटे भाग वेगळे मिळाले, आवाज बदलला आणि रॉक संगीताला नवा गळा मिळाला.

बेळगावला तर हे वेगळं सांगायलाच नको. पं. रामभाऊ विजापुरे यांनी ज्या पेटीवर इथल्या पिढ्या घडवल्या, ती पेटी आली कुठून? पॅरिसच्या अलेक्झांडर दबँ यांनी 1842 मध्ये हार्मोनियमचं पेटंट घेतलं. पुढे कोलकात्यात द्वारकानाथ घोष यांनी पायाच्या भात्याऐवजी हाताचा भाता बसवला आणि वाद्य बैठकीत आलं. त्या वेळी नक्कल करायची नाही असं ठरलं असतं, तर बेळगावच्या मैफिली आज वेगळ्याच झाल्या असत्या.

मग आक्षेप नेमका कशावर घ्यायचा? गायकीत त्याचं उत्तर जुनंच आहे. शागीर्द गुरूची तान जशीच्या तशी उचलतो, वर्षानुवर्षं घोकतो, आणि त्याला कुणी चोर म्हणत नाही. मात्र नाव घेताना तो कानाची पाळी धरतो. उचलणं मान्य आहे, लपवणं नाही. आणि गुरूच्या नावानं स्वतः बैठक लावणं तर मुळीच नाही.

पेडलच्या बाजारात हा फरक स्पष्ट दिसतो. इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचं ‘सोल फूड’ क्लॉनच्याच सर्किटवर बेतलेलं. किंमत कमी, नाव आणि रूप स्वतःचं, वंश उघड. उलट बेहरिंगरनं आपलं पेडल ‘सेंटॉर’ याच नावानं, सोनेरी डबीत, वर नरतुरंगाचं चित्र काढून विकायला आणलं आणि 2024 मध्ये फिनेगन यांनी अमेरिकेत दावा लावला. भांडण सर्किटचं नव्हतं. नावाचं, चित्राचं आणि रूपाचं होतं. त्याआधी 2005 मध्ये बॉसची पेडलं बनवणाऱ्या रोलंडनंही याच कंपनीवर अशाच साम्यासाठी दावा केला होता. दोन्ही वेळी नाराजी रास्त होती. एका माणसानं वर्षानुवर्षं कमावलेला विश्वास दुसऱ्यानं डबीवर छापून विकावा, यात शिकणाऱ्या पोराची कुठलीही सोय नाही. त्याला आवाज हवा होता आणि तो ‘सोल फूड’मध्येही मिळत होता.

नावाचा हाच फरक जवळही दिसतो; अनगोळहून मिरज फार लांब नाही. तिथल्या शिकलगार घराण्यांनी हत्यारांवरून तंतुवाद्यांकडे वळून घडवलेल्या सतारी-तंबोऱ्यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यानं तंबोरा बनवायला कुणालाही बंदी केली नाही. बाहेर बनलेला तंबोरा ‘मिरजेचा’ म्हणून विकायला केली. 1979 मध्ये बंगळुरूच्या राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तानपुरा आणला, तोही स्वतःला मिरजेचा म्हणवत नव्हता. गायकांनी तो सोयीसाठी स्वीकारला.

तरीही एक जागा अवघड राहते. एकटा माणूस घरच्या टेबलावर नवं पेडल जुळवतो, पेटंटचा खर्च त्याला झेपत नाही, आणि सहा महिन्यांत मोठा कारखाना तेच सर्किट निम्म्या किमतीत आणतो. नाव वेगळं आहे, कायदा गप्प आहे. इथे कारखान्याला फक्त नाव बदलल्याचं समाधान मानता येणार नाही. हयात कारागिराच्या मांडणीवर धंदा करायचा तर त्याला विचारावं, परवान्याची रक्कम द्यावी, डबीवर त्याचा उल्लेख छापावा. ज्या पेडलचा कर्ता अजून रोज सोल्डरिंग आयर्न तापवून बसतो, त्याची स्वस्त नक्कल दुकानदारानंही काउंटरवर ठेवण्याआधी थांबायला हवं. ‘ट्यूब स्क्रीमर’चा क्लोन विकताना मात्र त्याला असा विचार करायची गरज नाही.