थापटण्याची परीक्षा

तेर येथें तेरणेच्या कांठीं गोरोबाकाकांचें मंदिर आहे. याच गांवीं संतमंडळी जमली असतां, मुक्ताबाईच्या सांगण्यावरून गोरोबांनीं थापटण्यानें एकेकाचें डोकें थापटून पक्कें कोण व कच्चें कोण याचा निवाडा केला, अशी कथा आहे. इतर स्वस्थ बसले. नामदेव मात्र रुसले, आणि तेंच मडकें कच्चें ठरलें.

आजचें थापटणें रक्ताच्या चांचणीचें आहे. आंत्रपुच्छांत उद्भवून पोटांत चिकट द्रव सांठविणारा एक विरळ कर्करोग आहे. वर्षाकाठीं दहा लाखांत एकादोघांसच तो होतो. शस्त्रक्रियेपूर्वीं अशा रोग्याच्या रक्तांतील सीईए, सीए १९-९ व सीए १२५ हीं द्रव्यें मोजतात. तीं वाढलेलीं असल्यास आयुष्य सरासरीनें कमी, असें अनेक रुग्णालयांच्या नोंदींवरून दिसलें आहे. पण हा आवाज नेमकें काय सांगतो? सीईए धूम्रपान करणाऱ्या निरोगी मनुष्यांतही थोडें वाढतें. सीए १२५ पोटाच्या क्षयानेंही वाढतें, व आपल्या देशांत हें विसरून चालावयाचें नाहीं. कांहीं जणांच्या शरीरांत तर सीए १९-९ जन्मतःच तयार होत नाहीं. मडकें फुटलें तरी नाद तोच! शिवाय शस्त्रवैद्यास रोग कितपत समूळ काढतां आला, यावर पुढील बरेंच अवलंबून असतें.

तरीही हा आंकडा निरुपयोगी, असें आम्ही म्हणत नाहीं. आमचा आक्षेप तो कोणास सांगितला जातो यावर आहे. आपल्या घरांतून तो थोरल्या मुलास दाराबाहेर सांगतात, आणि खाटेवरील बाप मुलाच्या चेहऱ्यावरून तो वाचीत राहतो. यांत माया असते, हें आम्हांस मान्य आहे. पण रक्त बापाचें, तर आंकडाही त्याचाच. तो ऐकावयाचा नाहीं, असें म्हणण्याचा अधिकारही त्याचाच.

स्टीफन जे गूल्ड या अमेरिकन शास्त्रज्ञास १९८२ सालीं उदरपटलाचा विरळ कर्करोग झाला. निम्मे रोगी आठ महिन्यांत जातात, असें त्यानें स्वतः ग्रंथालयांत वाचलें, आणि उरलेले निम्मे किती जगतात, हा प्रश्न केला. तो वीस वर्षें जगला. २००२ सालीं गेला तो निराळ्या कर्करोगानें. त्याचा दाखला उत्साहानें देणारांनीं एवढें ध्यानांत ठेवावें कीं, पहिल्या निम्म्यांतले लेख लिहावयास उरले नाहींत.

गोरोबांनीं निकाल नामदेवांच्या तोंडावर सांगितला. दामाशेटींस बाजूला बोलावून कुजबुजले नाहींत. नामदेव दुखावले, चिडले, आणि मग विसोबा खेचरांकडे औंढ्यास गेले.